बोटीतला पाचवा माणूस

गौतमदादा साळव्यांचा आवाज या शहरातल्या किती माणसांनी ऐकला असेल याची गणती नाही. त्यांना पाहिलेली माणसं मात्र थोडीच. बसस्थानकावर चौकशीच्या काचेमागे माइक पुढे ओढून ते गाड्या पुकारायचे. ‘सिल्लोडमार्गे जळगावला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ हे नेमून दिलेलं वाक्य झालं की दादा पदरचं एखादं वाक्य जोडत. ‘सावकाश चढा, म्हाताऱ्या माणसाला आधी जागा द्या, गाडी कुठं पळून जात नाही.’ आवाज भरदार, जरासा खर्जातला. तो ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर सहा फुटी, मिशीवाला कुणीतरी यायचा. प्रत्यक्षात दादा इतके लहानखुरे होते, की काउंटरमागे उभे राहिले तरी पलीकडच्या माणसाला ते बसलेत असंच वाटायचं.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते पाण्यावर. विद्यापीठात शिकत असताना मी मुलींच्या नौकानयनाच्या टीममध्ये होते. आमचं विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याला आणि आमचं पाणी बिडकीनच्याही पुढे, धरणाच्या फुगवट्यावर. तिथं काठावर एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बोटी. कबड्डी, क्रिकेटला माणसं मिळतात. या खेळाला ना प्रेक्षक, ना पुढारी. टीम टिकली ती माजी खेळाडूंमुळे. नोकरीधंद्यात पडलेली, पोटं सुटलेली पाच-सात माणसं दर रविवारी पहाटे निघून तिथं जायची आणि नव्या पोरापोरींना शिकवायची. मी पास होऊन इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले आणि त्यांच्यात सामील झाले. मुलींचा नाश्ता आणि मुलींचे आईबाप, ही दोन खाती माझ्याकडे. सिल्लोडचे सादिकभाई सिमेंट-लोखंडाचे व्यापारी. बोटी हलवायला त्यांचा टेम्पो. आणि गौतमदादा? त्यांचं काम विचारलं तर सादिकभाई म्हणायचे, ‘वो बोलते. बस, बोलते.’

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्या मोठ्या बोटीत चौघं ओळीनं बसतात, प्रत्येकाच्या हातात एक वल्हं. बोट ज्या दिशेला जाते तिकडे त्यांची पाठ असते. पुढं काय आहे ते त्यांना दिसत नाही. मागच्या टोकाला एक पाचवा माणूस या चौघांकडे तोंड करून बसतो. त्याच्या हातात सुकाणूच्या दोऱ्या. वजनानं तो हलका लागतो, कारण तो ओढत नाही, त्याला ओढून न्यावं लागतं. त्यालाच कॉक्स म्हणतात. बोट कुठं चालली, डावीकडे खडक आहे की उजवीकडे मासेमाऱ्यांचं जाळं, हे त्यानं पाहायचं आणि लय तुटू न देता चौघांना ओरडून सांगायचं.

दादा विद्यापीठाच्या जुन्या टीमचे कॉक्स होते. भावसिंगपुऱ्यातलं घर, वडील दगडाच्या खाणीवर. जयंतीच्या मिरवणुकीत मोठी माणसं या पोराला ट्रकवर चढवायची आणि हातात माइक द्यायची. असाच आवाज एकदा मैदानापलीकडून क्रीडाशिक्षकांच्या कानावर गेला. आवाजाच्या मानानं माणूस एवढासा, हे पाहून त्यांनी त्याला थेट धरणावर नेलं.

‘मला वाटलं पोहायला नेतेत,’ दादा सांगायचे. ‘तर बोटीत बसवलं आन म्हणले, ओरड. मी म्हणलं, काय ओरडू? तर म्हणले, यांना एका टायमाला ओढायला लाव. समोर बघतो तर चार धिप्पाड गडी माझ्या तोंडाकडं बघायलेत. आपल्या तोंडाकडं इतकं लक्ष देऊन कधी कुणी बघितलंच नव्हतं, वैशाली.’

त्या चौघांतला अगदी पुढ्यात बसणारा गडी म्हणजे सादिकभाई. बाकीच्या तिघांतला एक वारला, एक आखातात गेला, तिसऱ्यानं खेळाचं नाव टाकलं. हे दोघं राहिले.

दादांनी उभ्या आयुष्यात वल्हं हातात घेतलं नाही. कुणी गंमत म्हणून पुढे केलं तरी हात मागे घ्यायचे. ‘वल्हं धरलं की माणूस सगळ्यांकडं पाठ करतो. आपल्याला नाय जमायचं ते.’ टीममधल्या प्रत्येकाचा थकलेला चेहरा त्यांना ओळखीचा होता. कोण ओठ चावतो, कुणाच्या मानेची शीर फुगते, कोण दमलं की हसतं. शर्यतीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, ‘पुढचं मी बघतो, तुम्ही फक्त ओढा.’ त्या वाक्यावर आम्ही कशातही बोट घातली असती.

एका दुष्काळाच्या साली पाणी इतकं मागं हटलं, की शेडपासून काठापर्यंत नुसती भेगाळलेली जमीन. उघड्या पडलेल्या गाळावर आसपासच्या लोकांनी हरभरा पेरला होता. सगळे म्हणाले, यंदा सराव बंद. दादा म्हणाले, ‘पाणी आपल्याकडं येईना तर आपण जाऊ.’ बोट उलटी करून पोरांच्या खांद्यावर दिली आणि स्वतः पुढं चालायला लागले. बोटीखालच्या पोरांना पायांपलीकडे काही दिसेना, म्हणून जमिनीवरही दादांचं पाण्यासारखंच सुरू. ‘डावीकडं भेग हाय, पाय उचला. उजवीकडं सरका.’

अर्ध्या वाटेत एक शेतकरी काठी घेऊन आडवा आला. ‘अय! कुठं निघालात ती पन्हाळ घेऊन? हरभरा तुडवायलात माझा!’

दादांनी पोरांना जागच्या जागी थांबवलं. ‘मामा, तुमच्या हरभऱ्याला पाय लागला तर मला पाण्यात बुडवा. पण आधी पाणी कुठं गेलंय ते दाखवा.’

तो माणूस हसला. मग काठी खांद्यावर टाकून तोच पुढं झाला आणि धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधावरून, त्यानं आम्हाला थेट पाण्याशी नेलं. पाणी ओसरत जाईल तशी आमची वाट लांबत गेली, आणि तो रोज धुऱ्यावर येऊन बसायला लागला, पोरं आणि बोट जाताना बघत.

बसस्थानकावरचाही एक प्रसंग माझ्यासमोर घडला. आमच्या पोरी पुण्याहून स्पर्धा हरून आल्या होत्या. सकाळची वेळ, स्थानक गच्च भरलेलं. पोरी गाडीतून उतरल्या त्या माना खाली घालून. मी त्यांना न्यायला गेले होते. एवढ्यात भोंग्यातून ओळखीचा खर्ज आला.

‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. पुण्याहून आलेल्या गाडीतून आपल्या विद्यापीठाच्या नौकानयनाच्या पोरी उतरत आहेत. त्यांचा चौथा नंबर आलेला आहे. समुद्राकाठच्या, नदीकाठच्या टीम होत्या. आपल्या पोरींनी दुष्काळातल्या पाण्यावर सराव केलेला आहे. हमाल बांधवांनी त्यांच्या बॅगा घ्याव्यात.’

मग रसवंतीवाल्यानं टाळ्या वाजवल्या आणि ते लोण फलाटभर पसरलं. एका हमालानं खरंच बॅगा उचलल्या आणि हमाली घेतली नाही. पोरी रडायलाच लागल्या. दादांना या घोषणेबद्दल वरून लेखी समज मिळाली. ती त्यांनी मला मोठ्या खुशीनं दाखवली. ‘बघ, आपण बोललेलं सायबानं कागदावर लिहून काढलंय.’

आम्ही त्यांच्या घरी फारसं जात नसू. तेही बोलवत नसत. भावसिंगपुऱ्यात दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एक कॉट आणि एकच खुर्ची. रत्नावहिनी, त्यांच्या पत्नी, नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्नानंतर थोडी वर्षं दोघं एकत्र राहिले, मग वहिनींची बदली झाली आणि परत कधी झालीच नाही. मूल झालं नाही. निवृत्तीनंतर एकत्र राहू असं ठरलं होतं; तोवर वहिनींच्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायू झाला आणि तिचं करायला दुसरं कुणी नव्हतं. दादाही निवृत्त झाले, पण त्यांच्या बोटीतल्या पोरी आणि त्यांचं पाणी इथं. भांडण कुठलंच नाही. संसार मात्र दोन गावांत राहिला.

तो चालायचा फोनवर. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या ओट्यावर फोन उभा करून स्वयंपाक करायचे. एकदा काही निरोप द्यायला गेले तेव्हा मी ते ऐकलं.

‘काय टाकलंस?’

‘पिठलं.’

‘मी पण. लसूण जास्त घाल, सर्दी हाय तुला.’

मग बराच वेळ दोन्हीकडून नुसते भांड्यांचे आवाज. तेवढ्यावर दोघांचं जेवण होत असे.

पुढं दादांचा आवाज बसला. पावसाळ्यात बसला तो हिवाळा आला तरी सुटेना. ‘ओरडून ओरडून झालंय,’ म्हणून ते काढे पीत राहिले. शेवटी सादिकभाईंनी बळंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तरुणपणी ओढलेल्या आणि कधीच्या सोडलेल्या विड्यांची डॉक्टरांनी चौकशी केली. निदान स्वरयंत्राच्या कर्करोगाचं. आजार पुढं गेला होता. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढून टाकायचं, दुसरा मार्ग नाही. मग श्वास नाकातोंडानं नाही, गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दादा नेहमीसारखे धरणावर आले. रत्नावहिनी बहिणीला कुणाच्या तरी हवाली करून आल्या होत्या. त्या काठावर माझ्याशेजारी बसल्या. दादा मुलींच्या बोटीत चढले. आवाज भिजलेल्या ढोलासारखा झाला होता, तरी त्यांनी पोरींना पार पलीकडच्या टेकडीपर्यंत नेऊन परत आणलं. काठ जवळ आला तसे म्हणाले, ‘बास. आता ओढू नका. आपोआप येती ती.’ पोरींनी वल्ही पाण्यावर आडवी धरली आणि बोट सरसरत काठाला लागली.

वहिनी उठून बोटीपाशी गेल्या. दादा उतरल्यावर मी म्हणाले, ‘दादा, थोडं काहीतरी बोला, फोनमध्ये भरून ठेवते. वहिनींसाठी.’

‘तिनं पण तेच म्हणलं काल. नको.’

‘का?’

‘मंग ती त्या फोनशीच बोलत बसंल.’

ऑपरेशन नीट झालं. वहिनी काही आठवडे राहिल्या, गळ्यातली नळी साफ करायला शिकवलं आणि बहिणीकडे परत गेल्या. जावंच लागलं. दादा बरे झाले, पण एक चमत्कारिक गोष्ट आमच्या लक्षात यायला लागली. त्यांना फोन करणं सगळ्यांचं बंद झालं. मुद्दाम कुणीच केलं नाही. फोन करून बोलायचं काय, आणि उत्तर कोण देणार?

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. सादिकभाईंनी ते आणून दिलं. दादांनी ते एका रविवारी पोरींसमोर गळ्याशी टेकवलं आणि ‘चला पोरींनो’ म्हणाले. सूर असा निघाला की जणू डब्यात भुंगा अडकलाय. एका पोरीला हसू आवरेना. ती बिचारी तोंड दाबून मागं वळली. दादाही हसले, खांदे हलवत, आवाज न करता. पुढच्या रविवारी यंत्र आणलं नाही, नंतरही कधी नाही. कुणीतरी शिट्टी पुढं केली. दादांनी ती ओठांना लावली, मग मान हलवून परत दिली. श्वास तोंडातून येतच नव्हता, शिट्टी वाजणार कशी? देणाऱ्याचा चेहरा पाहवेना.

मग त्यांनी सागवानाचे दोन ठोकळे करून घेतले. काठाकाठानं बोटीबरोबर चालायचे आणि ठोकळे एकमेकांवर वाजवायचे. बोटीत आता पूजा नावाची मुलगी कॉक्स होती. कन्नड तालुक्यातली, अंगानं बारकी, आवाज त्याहून बारका. दादांचे ठोकळे ऐकत ऐकत ती ओरडायला शिकली. पण पाणी खूप लांब असतं आणि काठ कुठंतरी संपतो. बोट पुढं निघून जायची आणि दादा खडकापाशी थांबायचे. मग ठोके थांबायचे.

एका सकाळी पोरी बोट पाण्यात घालत होत्या. दादा पुढं झाले, पूजाच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं आणि बोटीत एक पाय टाकला. सादिकभाई धावत आले आणि त्यांनी दादांचा दंड धरला.

‘नक्को गौतम. डॉक्टर बोले वो तेरे सामने बोले. एक लोटा पानी भी इधर से अंदर गया तो खलास.’ त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं.

दादांनी गळ्याभोवतीचं पांढरं फडकं दाखवलं, अंगातलं तरंगायचं जाकीट दाखवलं. सादिकभाई हलले नाहीत. तेव्हा दादांनी खाली वाकून बोटानं ओल्या गाळावर लिहिलं, ‘एकदा’.

सादिकभाईंनी ते वाचलं आणि बुटानं पुसून टाकलं.

पोरी पाण्यात गुडघाभर उभ्या होत्या त्या तशाच. दादांनी पाय बोटीतून काढला, सागवानाचे ठोकळे पूजाच्या हातात दिले आणि शेडमागून रस्त्याकडे चालत गेले. त्यानंतर बरेच रविवार ते आले नाहीत. सादिकभाई दर वेळी टेम्पोतून उतरले की आधी शेडमागं बघायचे आणि मग कामाला लागायचे.

पोरी चंदीगडला आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेल्या तेव्हा परीक्षांमुळे मला जाता आलं नाही. शर्यतीच्या दिवशी मी दुपारी दादांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. ते कॉटवर बसले होते, समोर खुर्चीवर फोन ठेवलेला. मला पाहून त्यांनी फोन उचलून घेतला आणि खुर्ची मला दिली. बारीक झाले होते. फडकं मात्र स्वच्छ, इस्त्री केलेलं.

फोन वाजला. दादांनी बटण दाबून आवाज मोठा केला.

‘सर! पूजा बोलतेय! सर, आपण फायनलला होतो! नंबर नाही आला, पण फायनल खेळलो सर!’ मागं पोरींचा कल्ला, भोंगे, कुठलं तरी गाणं.

दादांनी ओट्यावरचा चमचा झटकन घेतला आणि फोनच्या कडेवर ठोकला. टक. टक. टक.

‘हॅलो? सर? ऐकू येतंय का? हॅलो?’

टक. टक.

‘अगं, काहीच नाही येत. रेंज नाही वाटतं तिकडं. नंतर करू.’ फोन बंद झाला.

दादा चमचा तसाच धरून बसले. मी माझ्या फोनवरून पूजाला लावला. ‘पूजा, मी इथंच आहे, सरांच्या घरी. त्यांनी सगळं ऐकलं. ते ठोकत होते, तुम्हाला गोंधळात ऐकू गेलं नाही.’ मग पूजा म्हणाली, ‘मॅडम, त्यांना म्हणावं, शेवटच्या टप्प्यात मी त्यांचंच वाक्य म्हटलं.’ ते मी सांगितलं. दादांनी मान डोलावली आणि उठून चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडे पाठ करून ते पाणी उकळेपर्यंत तिथंच उभे राहिले.

मी निघणार तोच संध्याकाळचा फोन आला, रत्नावहिनींचा. दादांनी तो ओट्यावर उभा केला आणि भात टाकला.

‘आज पोरींची शर्यत होती ना. झाली?’

दादांनी चमच्यानं ओट्यावर एक ठोका दिला.

‘जिंकल्या?’

दोन ठोके.

‘वाईट खेळल्या?’

दोन ठोके.

‘म्हंजे खेळल्या चांगल्या, नंबर नाय.’

एक ठोका.

‘जेवलास का दुपारी?’

दादा थोडे थांबले, मग एक ठोका दिला.

‘खोटं बोलायलास. ठोकायला येळ लावलास.’

मला हसू आलं. खुर्ची करकरली तशा वहिनी लगेच म्हणाल्या, ‘कोण हाय तिथं?’

‘मी वैशाली, वहिनी.’

‘बरं झालं हायस ते. तुझ्यासमोर बोलते. गौतम, ऐकायलास ना? इकडं निघून ये. अक्काला सोडून मला तिकडं येता येत नाय, पण तुला आता तिथं काय धरून ठेवलंय? ह्या फोनपुढं मी रोज एकटीच बोलते. भाजी टाकते, बोलते, परत बोलते. ठोकायचंच हाय तर समोर बसून ठोक.’

दादांचा चमचा ओट्यावर टेकलेला होता. त्यांनी तो उचलला नाही. बाहेर गल्लीत कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होऊन निघून गेली.

‘राहू दे,’ वहिनी शेवटी म्हणाल्या. ‘भात लागंल तुझा.’

उन्हाळ्यात कळलं की दादा नांदेडला जाणार, कायमचे. घर भाड्यानं दिलं. तिकडं गेल्यावर ते वर्षभरच होते. आजार उलटला. रत्नावहिनींनी मला फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘समोर होता गं. शेवटपर्यंत समोर बसलेला होता.’ आम्ही गेलो, पण दादा पाहायला मिळाले नाहीत; पोचायला उशीर झाला होता. म्हणून मी दादांना शेवटचं पाहिलं ते त्या उन्हाळ्यात, धरणावर, त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी.

बोलावणं सादिकभाईंचं होतं. पोरी सुट्टीत गावी गेल्या होत्या, काठावर आम्ही जुनीच माणसं. पाणी पुन्हा खूप मागं गेलेलं. सादिकभाईंची पँट मांड्यांपर्यंत चिखलानं वाळून कडक झाली होती. आदल्या दिवशी त्यांनी हातात काठी घेऊन तिथलं सगळं पाणी पायी तुडवलं होतं. खाली सपाट शेतं बुडालेली. जिथपर्यंत पाणी कमरेच्या वर जात नव्हतं तिथपर्यंत चालत जाऊन, पुढं खोल सुरू होतं त्या जागी त्यांनी बांबू रोवला होता. त्याला लाल फडकं.

‘यहाँ से वहाँ तक,’ ते दादांना म्हणाले. ‘बोट उलटी भी हुई तो खडे रहना. कमर तक है. मैं देखा.’

दादांनी चपला काढल्या.

बोटीत सादिकभाई पहिले, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं आमच्यातलेच दोघं. चौघांपैकी कुणाचाच दम पूर्वीचा नव्हता, मला सोडलं तर सगळे साठीच्या घरात. दादा समोर बसले. गळ्याचं फडकं घट्ट, जाकीट वर हनुवटीपर्यंत, सुकाणूच्या दोऱ्या बोटांत. त्यांनी तळव्यानं बोटीच्या कडेवर थाप मारली आणि आम्ही ओढलं.

बोट निघाली. आधी डुगडुगत, मग थापांवर सरळ. सादिकभाईंच्या रुंद पाठीमुळे मला दादा दिसत नव्हते. मी किंचित वाकून बाजूनं पाहायला गेले तर लय चुकली. लगेच थाप जोरात पडली. त्यांनी मला पकडलं होतं. नंतर मी सरळ बसले आणि फक्त ऐकलं. सादिकभाईंचे खांदे हलत होते. ते ओढण्यानं हलत होते की आणखी कशानं, हे मागून कळत नव्हतं. ते एकट्या दादांना कळत असणार.

आम्ही आमच्या जोरात होतो. बांबू कुठवर आला हे आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. सादिकभाई धापा टाकत म्हणाले, ‘आने दे... थोडा और...’ आणि तेवढ्यात दादांच्या थापा थांबल्या. आम्ही वल्ही आडवी केली. बोट घसरत घसरत उभी राहिली. मी मान वळवून मागं पाहिलं. लाल फडकं अजून बोटीच्या दोन लांबी पुढं होतं.

परत येताना दादांनी थापा सावकाश दिल्या.

काठावर आम्ही चौघांनी बोट उलटी करून खांद्यावर घेतली. ‘उचला’ सादिकभाईच म्हणाले, हळू आवाजात. बोटीखाली असताना पुढच्याचे पाय आणि खालची जमीन, एवढंच दिसतं. शेडमध्ये बोट लाकडी घोड्यावर ठेवून मी बाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं होतं. दादा आमच्यामागून आले नव्हते. ते खाली पाण्याच्या कडेशी उकिडवे बसले होते आणि चपलांचा चिखल धूत होते. डावा हात गळ्याच्या फडक्यावर घट्ट दाबलेला, एक थेंबही आत जाऊ नये म्हणून. उजव्या हातानं एक चप्पल धुतली, दगडावर पालथी ठेवली आणि मग दुसरी घेतली.